माका की एकदांडी?

आठवीत असताना आजीने केसांच्या तेलासाठी माका आणायला सांगितला. शाळेमागच्या ओढ्याकाठून मी ओंजळभर झाडं उपटून नेली. आजीने एक पान तळहातावर चोळलं. "हा नव्हं माका. माक्यानं हात काळा व्हतो." मी एकदांडी आणली होती.

दुसऱ्या दिवशी ती झाडं विज्ञानाच्या सरांना दाखवली. सर मला ओढ्यावर घेऊन गेले. माका आणि एकदांडी, दोन्हींची फुलं वहीच्या कोऱ्या पानावर ठेवायला लावली आणि हातात बाभळीचा काटा दिला. "उकल." एकदांडीच्या एका फुलातून फुलंच फुलं निघाली! कडेला चार-पाच फिकट पिवळसर, टोकाला तीन दाते असलेली. मधली पिवळी, नळीसारखी. प्रत्येकाच्या बुडाशी पिसासारख्या केसांचा झुबका. याच झुबक्यावर बी वाऱ्याने उडतं. माक्याच्या कडेला पांढऱ्या बारीक पट्ट्यांची दाट ओळ होती आणि झुबका कुठेच नव्हता.

"रंग सगळ्यात शेवटी बघायचा," सर म्हणाले. ते किती खरं होतं हे करडईने दाखवलं. आमच्या परभणीकडे रानोरान करडई. पिवळी उमलते आणि सुकता सुकता तांबडी होते. उकलून बघितलं तर सगळ्या नळ्या, कडेला पट्टी एकही नाही. पाथरीची भाजी निवडताना देठातून दूध येतं, तिच्या फुलात सगळ्या पट्ट्याच, नळी नाही. सूर्यफुलात दोन्ही, पण कडेच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या फुलांत बी धरत नाही. एका फुलात अशी अनेक फुलं असणारं, जगभर वीस हजारांहून जास्त जाती असलेलं हे सूर्यफुलाचं कुल मला त्या काट्याच्या टोकावर भेटलं.

आज कृषी खात्यात काम करताना गाजरगवत रोज दिसतं. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलेलं हे तण आता आपल्या ओढ्यापर्यंत आलंय. तेही याच कुलातलं. इवल्या पांढऱ्या फुलाच्या कडेला पाचच पट्ट्या, आणि बी धरतं ते त्या पाचांतच.

शाळेच्या महोत्सवासाठी मुलं ओढ्याकाठ साफ करणार असल्याचं कळलं. त्यांना एवढंच सांगावं: गाजरासारखी चिरलेली पानं दिसली की हातमोजे घालून, फुलायच्या आधी, मुळासकट उपटा. लांबट, समोरासमोर पानं असतील तर एक चोळून बघा. हात काळा झाला तर ते झाड राहू द्या.