एन्स्खेडे: कठड्यापाशी थांबलेल्या पोरी

नेदरलँड्सला जाऊन आलेल्या माणसाला सगळे ट्युलिपबद्दल विचारतात. क्यूकेनहोफची बाग सुंदर आहे, आणि गर्दी अशी की वाफ्यांपुढे निवांत उभं राहायलाही जागा मिळत नाही. अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे झाले, खिटहोर्नला होडीत बसून झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते पार पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला टेकलेल्या एन्स्खेडे गावातल्या एका दुपारबद्दल.

माझी धाकटी बहीण तिथल्या ट्वेंटे विद्यापीठात संशोधन करते. अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने दोन तास. त्या दिवशी मध्येच रुळांचं काम निघालं, सामान घेऊन बसमध्ये चढा-उतरायला लागलं आणि मी वैतागूनच पोचले. एन्स्खेडे हे एके काळचं कापडगिरण्यांचं गाव. देखणं म्हणावं असं नाही, पण तिथली माणसं मला राजधानीतल्यांपेक्षा आवडली. दुकानदार घाई करत नाहीत, समोरून येणारा अनोळखी माणूस मान हलवून जातो.

"ताई, रविवारी बायकांची फुटबॉल मॅच आहे. येतीस काय?" बहिणीने विचारलं. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांच्या मॅचेस बघत वाढले, पेठांची ईर्षा अंगात भिनलेली. मात्र लहानपणी त्या मैदानावर मुलींची मॅच बघितल्याचं मला आठवत नाही. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

एफसी ट्वेंटे या इथल्या क्लबच्या पुरुषांचं मैदान म्हणजे ग्रोल्श वेस्टे, तीस हजारांचं. महिला संघ मोठ्या सामन्यांना तिथे जातो, एरवी खेळतो तो दीकमनच्या क्रीडासंकुलात. पुरुषांचं जुनं स्टेडियमही याच दीकमन भागात होतं. 1998 साली ते नव्या जागी गेले. दीकमनला सायकली लावायच्या, तिकीट दाखवायचं आणि थेट कठड्याला टेकायचं. रेघ इतकी जवळ की बचावफळीला ओरडून जागा सांगणारी गोलकीपर शब्दन् शब्द ऐकू येते, आणि टॅकल झाला की त्याचा आवाज आपल्या पोटात बसतो. टीव्हीवर हा खेळ संथ वाटतो म्हणणाऱ्यांना मी तिथे नेऊन उभं करीन.

आजूबाजूला लाल मफलर, त्यावर ट्वेंटेचा पांढरा घोडा. आजोबा, आज्या, वेण्या घातलेल्या शाळकरी पोरी, त्यांचे भाऊ. शिवीगाळ नाही, पण आवाज दणदणीत. शेजारचे एक आजोबा मोडक्या इंग्रजीत आम्हाला एकेक खेळाडू समजावून सांगत होते. लीग सुरू झाली तेव्हापासून ते येतात. "तेव्हा आम्ही एकमेकांना नावाने ओळखायचो," म्हणाले.

त्यांचं बोलणं ऐकताना मला या क्लबबद्दल खरा आदर वाटला, आणि तो का ते सांगायलाच हवं. डच फुटबॉल संघटनेने महिलांच्या फुटबॉलला मान्यता दिली ती 1971 मध्ये. महिलांची एरेडिव्हिजी, म्हणजे देशातली अव्वल लीग, सुरू व्हायला 2007 उजाडलं, तीही सहा क्लबांची. पहिल्या तिन्ही वेळा एझेड अल्कमार हा क्लब विजेता. आणि 2011 मध्ये त्याच एझेडने पैशांचं कारण देऊन महिला संघ बंद केला. तीनदा जिंकूनही! विलेम टू हा क्लब त्याच सुमारास बाहेर पडला, उट्रेख्टने 2014 मध्ये संघ गुंडाळला. ट्वेंटे मात्र पहिल्या सहांपैकी एक आणि तेव्हापासून अखंड. या क्लबकडे पैसा ओसंडून वाहत होता असंही नाही. 2010 मध्ये देशाचे विजेते ठरलेले पुरुष पुढे कर्जात बुडाले आणि 2018 मध्ये खालच्या लीगमध्ये घसरले. त्याच्या पुढच्याच हंगामात, 2018–19 मध्ये, ट्वेंटेच्या महिला देशाच्या विजेत्या झाल्या. पडत्या काळात सगळ्यात आधी मुलींच्या संघाचा खर्च कापायचा, ही जगभरातली सोपी वाट इथे कुणी धरली नाही. मला हे कुठल्याही चषकापेक्षा मोठं वाटतं.

ट्वेंटे जिंकले. पहिल्या अर्ध्यातच निकाल दिसत होता, त्यामुळे खेळाबद्दल आणखी लिहीत नाही. मध्यंतरात रांगेत उभं राहून पटाट, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या काड्या, आणि मेयोनेज घेतलं. वाऱ्यात बोटं गारठली होती, त्या कागदी पुडीने ती शेकली. चवीबद्दल कोल्हापूरच्या माणसाला विचारू नका.

मला गदगदून आलं ते शिट्टी वाजल्यानंतर. खेळाडू आत गेल्याच नाहीत. घामेजल्या अंगावर जाकिटं चढवून कठड्याच्या कडेने एकेका पोरीपाशी थांबू लागल्या. सह्या, फोटो, चौकशी. आमच्याजवळ आठेक वर्षांची एक मुलगी होती, मनगटाला प्लास्टर. राखीव गोलकीपर तिच्यापाशी आली, प्लास्टरवर सही केली आणि काहीतरी विचारलं. बहिणीला डच येतं, ती मला हळू आवाजात सांगत होती. हात कसा मोडला? गोल वाचवताना. कुठल्या बाजूला झेप घेतलीस? डावीकडे. हात आधी टेकलास ना? मुलीने मान हलवली.

मग ती खेळाडू कठड्यापलीकडे ओल्या गवतात सरळ आडवी झाली. गुडघा, मग मांडी, मग कूस, मग खांदा, अशी एकामागून एक टेकत कसं पडायचं ते तिने दाखवलं. उठून पुन्हा दाखवलं. प्लास्टर निघेपर्यंत झेपा घ्यायच्या नाहीत, अशी ताकीदही दिली. मुलगी रडली नाही, हसली नाही, वर्गात फळ्याकडे बघावं तशी बघत होती. तिचे वडील पिशवी धरून शांत उभे होते. घाई कुणालाच नव्हती. माझे डोळे भरून आले. मला गोलकीपर व्हायचं होतं, आणि पडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बहिणीने ग्रोल्श वेस्टे दाखवलं, विद्यापीठाच्या अगदी शेजारी. महिलांच्या 2017 च्या युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद, स्पर्धेचा अंतिम सामना तिथेच झाला. प्रशिक्षक सारिना विगमनच्या डच संघाने डेन्मार्कला 4–2 हरवलं, मीडेमाचे दोन गोल, लीके मार्टेन्सचा एक, शेरिडा स्पित्सेचा एक. प्रेक्षक 28 हजारांवर. पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता! रिकाम्या स्टेडियमपुढे बहिणीला हे सगळं सांगताना मीच ओरडत होते.

तक्रार आहे ती आपल्या लोकांबद्दल. बहिणीच्या ओळखीतली कितीतरी भारतीय मुलं-मुली तिथे वर्षानुवर्षं राहतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या स्टेडियमची सशुल्क सहल सगळ्यांची झालेली, रिकाम्या खुर्च्यांपुढचे फोटोही आहेत. दीकमनला एकही गेलेलं नाही. सायकलीच्या अंतरावर देशातला सर्वांत यशस्वी महिला संघ खेळतो आणि यांना रविवारी झोप हवी असते. मला याचा राग येतो आणि तो मी तिथे बोलून दाखवला.

मी परतल्यावर, 2025 च्या उन्हाळ्यात, बहिणीचा मेसेज आला: जिल रोर्ड ट्वेंटेला परत येतेय. एन्स्खेडेजवळच्या ओल्डेन्झालची ही मुलगी, ट्वेंटेतच घडलेली. बायर्न, आर्सेनल, वोल्फ्सबुर्ग, मँचेस्टर सिटी असा मोठा फेरा मारून ती स्वतःच्या इच्छेने घरच्या क्लबात आली. मी बहिणीला लगेच कळवलं की हंगामाचा पास काढ, आणि त्या झोपाळू मंडळींचेही काढ, पैसे मी पाठवते.