तळहाताला कळतं

रविवार, बडोदे

सकाळी दांडिया बाजारातून चालत सूरसागरापाशी आले, तर कठड्याला लागून आमची गाडी उभी. आमची म्हणजे कंपनीची. पण तिची मागची बाजू माझी. जीजे-०६ नंबर, नवीकोरी, बॉनेटवर झेंडूची माळ अजून ताजी. मालक बादली घेऊन पुसत होते. मी समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि बघत उभी राहिले.

चार वर्षं त्या पाठीत गेली. लोकांना वाटतं, गाडीचं डिझाइन म्हणजे सुंदर चित्र काढणं. चित्रं काही आठवड्यांत होतात. मग मोजमापं सुरू होतात. २००६च्या अर्थसंकल्पात ४००० मिलिमीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवरचा कर कमी झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी गाड्या त्या आकड्याच्या आतच संपवाव्या लागतात. पुढे इंजिन, मध्ये माणसांचे गुडघे. तिथलं काही कापता येत नाही. कात्री लागते ती मागे. डिकीत बॅगा तर मावायलाच हव्यात. एवढं सगळं देऊन झाल्यावर मला उरली मागच्या काचेपासून दिव्यापर्यंत उतरणारी एक वळणाची पट्टी. मी तिच्यावर जीव टाकला.

फाइन आर्ट्सला शिल्पकला घेतली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. बाबा मात्र म्हणाले, आपल्या बडोद्यात १८९०मध्ये कलाभवन निघालं ते हाताला हुन्नर शिकवायलाच. फाळके तिथेच शिकले. बाबांचं ते वाक्य मला फार पुरलं.

स्टुडिओत गाडीचं मॉडेल ज्यात घडवतात, ती क्ले म्हणजे शाडू नव्हे. ती मेणा-तेलाची, गार असताना कडक. ओव्हनमध्ये साठेक अंशांवर तापवली की लोण्यासारखी होते. फोमच्या सांगाड्यावर गरम गरम थापायची, निवली की दातेरी रेकने खरवडायची, मग लवचिक पोलादी पट्टीने गुळगुळीत करायची. हार्ली अर्ल यांनी १९२७ साली जनरल मोटर्समध्ये स्टायलिंगचा विभाग उभा केला, तेव्हापासून गाडीवाले क्लेत काम करत आले. आता सगळं संगणकावर होतं, तरी क्ले सुटलेली नाही. का, ते मला आमच्या कोल्हापूरच्या मॉडेलरकाकांनी दाखवलं. स्क्रीनवर माझी पट्टी निर्दोष होती. काका म्हणाले, "मॅडम, डोळे मिटा आणि तळहात फिरवा." फिरवला. दिव्याच्या वर चार बोटं हात अडला. अर्धा मिलिमीटरचा खळगा असेल. पत्र्यासारखी चमक दिसावी म्हणून क्लेवर चंदेरी फिल्म चढवली, तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तिथेच मोडत होतं. दोन आठवडे आम्ही तेवढ्याच जागेवर होतो.

पुढे पत्रा दाबून आकार देणारे प्रेसशॉपवाले म्हणाले, इतकी तीक्ष्ण घडी पत्र्याला सोसणार नाही, फाटेल. त्यांचं बरोबरच होतं. घडी बोथट केली. ती धार मला हवी होती, आजही हवी आहे. रात्री डोळ्यांपुढे गाडी त्या धारेसकटच येते.

मालकांचं फडकं छतावरून उतरलं, काचेच्या कडेने दिव्याकडे आलं. माझा चहा हातातच राहिला. जिथे माझा हात अडला होता, तिथून फडकं न थबकता एका ओढीत खाली गेलं. त्यांनी परत एकदा तसंच फिरवलं, उगाचच, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. मग फडकं पिळून चाकापाशी उकिडवे बसले.