मार्क कमी पडले नव्हते

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, पुण्याहून आलेल्या फोनवर, प्रश्न तोच: "लेकीला कम्युनिटी कॉलेजला का घातलंत? मार्क कमी पडले का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

नाही पडले. पैशाचं कारण आहे, लपवत नाही. आमच्याकडे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, क्वार्टरच्या (वर्षाच्या तीन सत्रांपैकी एकाच्या) एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, 31 डॉलर पडतात. अशी 90 युनिटं झाली की युसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, थेट तिसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे ट्यूशन आणि सक्तीची फी मिळून वर्षाला 14 हजार डॉलरच्या वर. डिग्रीवर नाव युसीचंच. हे इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते एलआयसी एजंटसारखं वाटतं.

सांगत नाही ते केमिस्ट्रीचं. तिला पर्यावरणशास्त्र करायचंय, आणि ते म्हटलं की लोकांना जंगलं दिसतात. युसीत जायच्या, म्हणजे ट्रान्स्फरच्या, कागदावर असतात केमिस्ट्री, कॅल्क्युलस, बायोलॉजी, फिजिक्स. काउन्सेलर म्हणाले, इंग्लिश-इतिहास आधी उरकून टाका. अहो, ते कधीही उरकतात. जनरल केमिस्ट्रीचे ए, बी, सी मात्र एकापाठोपाठ एक तीन क्वार्टर, आणि ते झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्रीला हात लावता येत नाही.

ए झालं, बी झालं. सीच्या नोंदणीला सकाळी ती लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर बसली, मी पोळ्या लाटत होते. वेटलिस्ट. लॅबमध्ये ओटे मोजके, त्यामुळे वेटलिस्ट हलतच नाही. मी शेजारच्या गावातल्या कॉलेजात जागा शोधून दिली. ते सेमिस्टरवालं, म्हणजे वर्षाची दोनच सत्रं. म्हटलं, केमिस्ट्री ती केमिस्ट्री, घे की! तिने असिस्टची साइट (युसीच्या कुठल्या कोर्सऐवजी कॉलेजचे कुठले चालतात ते दाखवणारी) उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवला. डावीकडे युसीचा कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचे तीन, मधे 'अँड', 'अँड'. त्या दुसऱ्या कॉलेजच्या पानावर दोनच, तेही असेच जोडलेले. "आई, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नाही चालत." पिठाच्या हातांनी मी ते पान तीनदा वर-खाली केलं. तिचंच बरोबर होतं, आणि राग तिच्यावरच निघाला.

सी पुढच्या वर्षावर गेलं, त्याच्या मागे ऑरगॅनिक. दोनाची तीन वर्षं झाली. फोनवर मी अजून "दोनच" म्हणते. ती बाजूच्या खोलीतून ऐकते आणि काही बोलत नाही.

थेट युसीला घातली असती तर? रात्री हा हिशेब मांडते. तिथेही लॅबला रांगा असतातच, असं स्वतःला सांगते. मग फीचा आकडा आठवतो आणि जरा बरं वाटतं. जरासंच. मधल्या वेळात तिने ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचा एक कोर्स केला, मेजरसाठी बिनकामाचा. बूट चिखलाने भरून यायची, आणि त्या तीन वर्षांत तेवढ्याच दिवसांत जेवताना कॉलेजबद्दल आपणहून बोलायची.

आता टॅगचा विषय आहे. प्रवेशाची हमी देणारा हा करार युसीचे सहाच कॅम्पस करतात, आणि त्यातला एकच निवडायचा. मी म्हणते डेव्हिस. तिला बर्कले हवंय, आणि बर्कले टॅग देत नाही. टॅग डेव्हिसचा भरून बर्कलेला वेगळा अर्ज करता येतो, पण बर्कलेनेही घेतलं तर हातातली डेव्हिसची हमी सोडायची का, यावर घरात रोज वाद आहे. तेव्हा पुढच्या गणपतीत विचारू नका.