आमची वाटचाल : मोराची थाळी

कोथरूडमध्ये घरगुती ऑर्डरी घ्यायला लागलो तेव्हा यादीत चटणी सँडविच आणि ढोकळा असं नेहमीचंच होतं. आता बारसं असो, डोहाळजेवण असो की केळवण, पहिली विचारणा होते ती मोराच्या थाळीची. काकडीचे रंगीत रोल, पिसाऱ्यासारखे मांडलेले, गॅस न पेटवता केलेले. बघणाऱ्याला कलाकुसर दिसते. खरं काम पाणी आवरण्याचं.

१२ इंची ताटाला २५० ग्रॅम चक्का, १०० ग्रॅम पनीर आणि ४ लांब काकड्या लागतात. श्रीखंडाचा चक्का यासाठी जरा ओलाच, म्हणून तो फडक्यात बांधून फ्रिजमध्ये आणखी ३-४ तास टांगायचा. बोट फिरवल्यावर चर तसाच राहिला की झाला. पनीर हाताने मळून मिसळायचं, मिक्सरमध्ये सारण सैल होतं. अर्धा चमचा मीठ आणि मिरपूड, बस्स.

मग तीन भाग. लाल भागाला बीटचा रस, दोनच चमचे. केशरीला किसून घट्ट पिळलेलं गाजर. पिवळ्यासाठी हळद सुचवणारे भेटतात, पण न शिजवलेल्या हळदीचा उग्र वास बाकी सगळं मारून टाकतो. हिरव्याला कोथिंबीर-पुदिन्याची चटणी, पाण्याचा थेंब न घालता वाटलेली, त्यातच चमचाभर डाळं. डाळं ओल धरून ठेवतं. चटणीत लिंबू नाही, कारण आंबटाने हिरवा रंग शेवाळी पडतो आणि चक्का मुळातच आंबट. म्हणून हिरवा भाग सगळ्यात शेवटी कालवायचा.

गावरान काकडी चवीला सरस, पण तिचा बियांचा गाभा पाणी सोडतो आणि पट्टी मधेच फाटते. कमी बियांची हिरवी लांब काकडी घ्यावी. पट्टी २ मिलिमीटरची. याहून जाड झाली तर रोल उलगडतो. पट्ट्या सुती फडक्यावर १० मिनिटं पसरून टिपायच्या. त्यांना मीठ लावायचं नाही, लावलं की पाणी सुटून रोल मान टाकतात. एका टोकाला चमचाभर सारण ठेवून गुंडाळायचं आणि जोड खाली दाबून ठेवायचा.

ताटात आधी बारीक चिरलेला कोबी पसरतो. रोल घसरत नाहीत आणि सुटलेलं पाणी तोच पितो. अंगाला अर्धी ढोबळी मिरची, मानेला काकडीचा बाक, डोळ्याला मिरीचा दाणा. पिसाऱ्याच्या तीन कमानी : ७, ११ आणि १५ रोल. बीटची कमान कायम बाहेरची, म्हणजे रंग उतरला तरी एकाच शेजाऱ्याला लागतो. डाळिंबाचे दाणे अगदी वाढायच्या वेळी.

पूर्वी थाळी मांडूनच पाठवायचो. पुण्यातले गतिरोधक बघता आता रोल बर्फावरच्या डब्यातून जातात आणि आमची ताई तिथे जाऊन मांडते. त्याचे पैसे वेगळे लावतो, घासाघीस चालत नाही. मांडलेली थाळी २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, मे महिन्यात तर तासभरच. मोठ्या कार्यात दोन लहान थाळ्या द्याव्यात, एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. लॉनवर फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात ऑर्डर घेत नाही.

हल्ली निळ्या मोराचा आग्रह असतो. खायचा कृत्रिम रंग आम्ही वापरत नाही. गोकर्णीच्या फुलांचं पाणी घालता येतं, पण चक्क्याच्या आंबटपणाने ते जांभळ्याकडे झुकतं. तेव्हा मोर जांभळट मिळेल, हे ऑर्डर घेतानाच सांगतो.