स्फोट सोडून सांगा

स्मरणिका समितीचं पत्र आलं. 'शाळेने आपल्याला काय दिले' यावर मनोगत पाठवा, असं त्यात होतं. शाळेने बरंच दिलं, इंग्रजीत दोनदा नापासही केलं. पण लिहायला बसलो आणि छत्रीवाल्या सरांखेरीज दुसरं काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या वर्गात ज्यांनी डबे खाल्ले त्यांना ते सांगायची गरजही नाही. ऐन मे महिन्यातसुद्धा काखेत काळी छत्री असणारे मास्तर आपल्या शाळेत एकच होते.

१९७६ साल, आठवी ब. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील गोदीत, उरलेल्यांचे माझगाव डॉकमध्ये, गिरणीत नाहीतर दारूखाना बंदरात जुन्या बोटींचं लोखंड तोडायला. इतिहासाच्या पुस्तकात पानिपत होतं, मुंबईला मात्र दोन-तीन ओळीच होत्या. एका शनिवारी सरांनी प्रत्येकाला शंभर पानी वही आणायला लावली, तिला खाकी कव्हर घालायला लावलं आणि वर लिहायला सांगितलं, 'घरातलं सर्वांत म्हातारं माणूस'. त्या माणसाला दर आठवड्याला प्रश्न विचारायचे आणि तो सांगेल तसं उतरवायचं. अट एकच. सर म्हणाले, "स्फोट सोडून सांगा म्हणावं."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली. पोटात दारूगोळा, त्याच्यासोबत कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटासुद्धा. आमच्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे ही गोष्ट कीर्तनासारखी बसवलेली होती. कोण कुठे उभा होता, कुणाच्या घरावर काय येऊन पडलं, किती दिवस आकाश लाल होतं. सरांचं म्हणणं, "तीस वर्षं सांगून सांगून ती गुळगुळीत झालीय. मला त्याच्या आधीचं पाहिजे. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी हे लोक किती वाजता उठले, काय जेवले, ते विचारा."

माझे आजोबा चिडलेच. "मग सांगू काय? बाकी काय झालंच नाय." तीन शनिवार माझी वही कोरी. चौथ्या शनिवारी सरांनी वही उघडली, ओरडले नाहीत. पेन्सिलीने एक प्रश्न लिहून दिला, 'मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपलात?' त्या प्रश्नाने आजोबांचं बूच निघालं. दोन तास बोलत होते, आणि माझी शाई संपली.

आजोबा राजापूर तालुक्यातले. १९१२ साली, चौदाव्या वर्षी, जैतापूरला आगबोट धरून आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. आताचा माझगावचा धक्का नव्हे, कर्नाक बंदराकडचा जुना. पहिली रात्र त्यांनी डोंगरीत गाववाल्यांच्या खोलीच्या बाहेर व्हरांड्यात काढली, कारण आत माणसांना जागा नव्हती, पेट्यांना होती. खोली एक, पेट्या चाळीस. प्रत्येकाची पत्र्याची पेटी, कुलूप आणि वर गुंडाळलेली वळकटी. दिवसपाळीवाले रात्री झोपत, रातपाळीवाले त्याच जागेवर दिवसा. पाऊस आला की व्हरांड्यातले सगळे आत शिरत आणि पेट्यांवर बसून सकाळ करत. जेवण खाणावळवालीकडे, महिन्याच्या बोलीवर. भात, कुळथाचं पिठलं, रविवारी बांगडा.

पावसाळा लागला की कोकणच्या आगबोटी बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत गाव तुटलेलं. आजोबांचे वडील आषाढात वारले, ते टपालाच्या कार्डाने कळलं तेव्हा दहावा उलटून गेला होता. कोल्हापूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे घाट उतरता आला असता, पण तितके पैसे खोलीत कुणाकडेच निघाले नाहीत. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि लगेच बांगड्याचा भाव सांगायला लागले.

काम मिळायचं दरवाजावर. गोदीचे दरवाजे रंगांच्या नावाचे: यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट, रेड गेट. पहाटे तिथे गर्दी जमायची, टोळीवाल्याचा मुकादम येऊन खांद्यावर हात ठेवत जायचा. हात पडला तो आत. नाही पडला तो दुपारपर्यंत ताटकळायचा, नाहीतर कोळशाच्या बंदराकडे वळायचा. रोज आठ-दहा आणे, त्यात मुकादमाची दस्तुरी वेगळी. कमरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा खोचलेला. आमच्या घरी तो शेवटपर्यंत दाराच्या मागे टांगलेला असे. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी झालेली, आणि लोखंडाचं टोक आजोबा दर दिवाळीला खोबरेल लावून पुसायचे.

सुरुवातीला मात्र पोती उचलण्याइतका खांदा तयार नव्हता, म्हणून ते मातीच्या पाट्या वाहत. तेव्हा अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणून होत आली होती. ती १९१४ साली सुरू झाली. तिच्या खड्ड्यातला माल टाकून बावीस एकर समुद्र बुजवला, त्यावर बेलार्ड इस्टेट उभी राहिली. पुढे मी कस्टमच्या कामाला रोज बेलार्ड इस्टेटीत जायला लागलो तेव्हा आजोबा म्हणायचे, "हळू चाल, माझ्या डोक्यावरची माती हाय ती."

त्याच १९१४ साली पहिल्या महायुद्धाची लढाई लागली. बसऱ्याला फौजा चालल्या, घोडे, खेचरं, गवताच्या गाठी. घोडा बोटीवर चढवायला चार माणसं लागायची आणि तो नेमका फळीच्या मध्यावर उभा राहायचा. १९१८ च्या जून महिन्यात मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. मुंबईत ती प्रथम दिसली ती गोदीवर पहाऱ्याला असलेल्या पोलीस शिपायांत, हे सरांनी सांगितलं. आजोबांना ते माहीत नव्हतं. त्यांना इतकंच माहीत होतं की खोलीतल्या चाळीस पेट्यांपैकी पाच पेट्या दिवाळीनंतर गावाला परत पाठवाव्या लागल्या.

आता खरी गोष्ट. सरांचा पुढचा प्रश्न होता, 'काम किती वाजता सुरू व्हायचं?' आजोबांचं उत्तर मी जसंच्या तसं लिहिलं: "भरतीवर." सरांनी त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "आजोबांना वर्गात आण."

आजोबा आले. धुवट धोतर, कोट, डोक्याला टोपी. खुर्चीवर बसले नाहीत. गोदीत पन्नास वर्षं उभं राहिलेला माणूस, वर्गातही उभाच राहिला. त्यांनी सांगितलं ते असं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांचं दार भरतीच्या सुमाराला उघडायचं, बोट तेव्हाच आत घ्यायची किंवा बाहेर काढायची. म्हणून मुकादमाला सूर्य किती वर आला यापेक्षा पाणी किती चढलं हे पाहावं लागे. सरांनी विचारलं, "मग पाणी कधी चढणार हे तुम्हाला कसं कळायचं? घड्याळ होतं?"

"घड्याळ कुठलं मास्तर? तिथी होती. पाऊणकी होती." मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आज काय रे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पंचमी.

"पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पानी भरंल, मग फिरंल."

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आम्ही कुणीच शिकलेलो नव्हतो. आजोबा तर शाळेची पायरीही चढले नव्हते. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. सरांनी फळ्यावर मांडून पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. तीन वाजायला आले होते. त्यांनी छत्री उचलली. "चला."

पन्नास पोरं, एक म्हातारा आणि एक छत्री अशी वरात भाऊच्या धक्क्यावर गेली. कुणाची परवानगी नाही, चिठ्ठी नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर सरांनी मला खडू दिला आणि दर पाच मिनिटांनी पाण्याच्या कडेला रेघ मारायला सांगितलं. मी रेघ मारायचो, पाणी ती पुसायचं. पावणेचार वाजले, पाणी चढतच होतं. पोरं आजोबांकडे बघून खुसुखुसू हसायला लागली. माझे कान तापले. त्या गडबडीत बाकावरच्या माझ्या जोडीदाराची डाव्या पायाची चप्पल पाण्यात पडली. निळ्या पट्ट्याची, त्याच आठवड्यात घेतलेली. तो रडायच्या बेतात. एकाने सरांची छत्री मागितली, तिच्या दांड्याने ओढायला.

"थांबा, कुणी हात लावू नका," सर म्हणाले. "कुठे जाते ते बघू."

चप्पल पायरीला टेकत राहिली. प्रत्येक लाटेबरोबर आमच्याच अंगावर यायची. मग बराच वेळ एका जागी डुलत राहिली, तेलाच्या तवंगात आणि केळीच्या सालीच्या शेजारी. मग सालीसकट हळूच सरकली, उरणच्या दिशेने. सरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं. आजोबांचा हिशेब पस्तीस मिनिटांनी चुकला होता.

आजोबा काही बोलले नाहीत. परत येताना सर्वांच्या मागे चालत होते. मला अजून तो त्यांचा पाठमोरा कोट दिसतो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना कार्यालयात बोलावलं. आत काय झालं ते माहीत नाही, पण सर बाहेर आले ते सरळ आमच्या वर्गात, आणि चेहरा असा की जणू बक्षीस मिळालंय. फळ्यावर त्यांनी आकडा लिहिला, ३९. म्हणाले, १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांनी ती मानली नाही. रेल्वेचं घड्याळ एक आणि म्युनिसिपालिटीचं दुसरं, असं १९५५ पर्यंत चाललं. जुनी मुंबईची वेळ आताच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे. "आजोबांची पाऊणकी त्या वेळेची आहे. पावणेचारमध्ये ३९ मिळवा." चार चोवीस. पोरं गप्प. मग सरच म्हणाले, "एवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही. समुद्र काही घड्याळ बघून येत नाही, मागेपुढे होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा हिशेब चुकला असं म्हणायच्या आधी त्याचं घड्याळ कुठलं होतं ते विचारावं."

त्या संध्याकाळी सर आमच्या खोलीवर आले. एवढंच सांगायला. आजोबांनी पहिल्यांदा त्यांना चहा पाजला आणि नंतर, अट मोडून, स्फोटाची गोष्ट सांगितली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

वही तपासून परत मिळाली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत दोन शब्द होते, 'आणि आजी?' मी ते मनावर घेतलं नाही. आजी तर पूर्ण वेळ त्याच खोलीत, पान कुटत बसलेली असायची. ती अकरा वर्षं कोळशाच्या बंदरावर टोपली वाहत होती, हे मला तिच्या तेराव्याला आलेल्या बायकांकडून कळलं. चुंबळीखालचे केस तिचे कायमचे गेले होते. आम्ही समजत होतो म्हातारपणामुळे.

थोडं स्वतःविषयी, समितीने मागितलंय म्हणून. १९७८ ला दहावी, मग क्लिअरिंग एजंटाकडे कारकून, १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं तेव्हापासून तिथे. आज स्वतःची फर्म आहे, बावीस माणसं कामाला आहेत. रॉटरडॅम, हॅम्बुर्ग पाहून झालं. आजोबांच्या टोळीला दिवसभर पुरलं असतं तेवढं ओझं क्रेन दोन मिनिटांत उतरवते आणि त्या दोन मिनिटांत कुणाच्याही खांद्यावर कुणाचा हात पडत नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या आता बुजवल्या. ज्या दारातून भरतीला बोटी आत यायच्या तिथे पाणीच राहिलेलं नाही. आपल्या शाळेतही आता सेमी-इंग्रजी आहे, स्मार्ट बोर्ड आहे. चांगलंच आहे. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मात्र डीजे इतका मोठा होता की मला लवकर निघावं लागलं.

सर निवृत्त झाल्यावर गावी गेले. तीनदा पत्र आलं, 'एकदा येऊन जा.' तिन्ही वेळा माझी कुठली तरी बोट लागलेली होती.

एक विनंती करून थांबतो. आठवी ब च्या सगळ्या वह्या सरांनी वर्ष संपताना गोळा करून खालच्या मजल्यावरच्या हिरव्या लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या. नव्या इमारतीत ते कपाट आलं का, कुणाला ठाऊक असेल तर समितीला कळवावं. आजोबांचा आकडा मी शाळेच्या प्रदर्शनासाठी द्यायला तयार आहे, मुठीकडून धरावा, टोक अजून तीक्ष्ण आहे. माझी वही ओळखायला सोपी. एकेचाळिसाव्या पानावर चपलेचं चित्र आहे, डाव्या पायाची, आणि खाली सरांच्या अक्षरात वेळ टाकलेली आहे.