गोल्फ क्लबवरचा कॅन

आज सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर एक पोरगा एनर्जी ड्रिंकचा अख्खा कॅन गटागटा पिऊन लगेच पळत सुटला. दुसऱ्या फेरीला पोट धरून बाकावर! "काका, याने स्टॅमिना वाढतो ना?" कॅफिनने थोडाफार वाढतो रे, पण ते रक्तात पुरतं चढायला 30 ते 60 मिनिटं लागतात. आणि 250 मिलीच्या कॅनमध्ये ते जेमतेम 75 मिलिग्रॅम, कडक कॉफीच्या कपाएवढंच. वर साखर, तीच पोटात डचमळते. मी आपली घरून बिनसाखरेची काळी कॉफी पिऊन निघतो. संध्याकाळी पळायचं असेल तर तीही नाही, निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास जातात. (झोप गेली की बायको बोलते ते वेगळंच.) पोराचा प्रश्न मात्र भलताच: "मग उरलेल्या कॅनचं काय करू?" ऑफरमध्ये अख्खा पॅक उचललाय म्हणे, कॉलेज रोडवरून.