राष्ट्राध्यक्षपदाची कोरी जागा

अमेरिकेतील मिशिगन राज्यात मतदान केंद्रावर काम करणाऱ्यांना इलेक्शन इन्स्पेक्टर म्हणतात. हे काम आसपास राहणारे मतदारच करतात. अर्जावर आपला पक्ष नोंदवावा लागतो, कारण प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसे शक्य तितकी समसमान असावीत, असा कायदा आहे. त्यानंतर प्रशिक्षण होते आणि निवडणुकीच्या दिवशी सकाळी केंद्र उघडण्यापूर्वी शपथ घ्यावी लागते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात हे काम करू लागले आणि आजही करते. ८ नोव्हेंबर २०१६ या दिवशी माझ्यासमोर आलेले एक प्रकरण मात्र अजून माझ्या मनातून सुटलेले नाही, म्हणून ते लिहून काढते आहे.

त्या वर्षी मतदारांच्या मनात काय चालले होते, ते आधी सांगायला हवे. हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प या दोघांविषयी लोकांच्या मनात इतकी नाराजी होती की जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या अखेरच्या पाहणीत ट्रम्प यांच्याविषयी ६१ टक्के आणि क्लिंटन यांच्याविषयी ५२ टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिले होते. एकाच निवडणुकीतले दोन्ही प्रमुख उमेदवार इतके नावडते असल्याचे गॅलपच्या साठ वर्षांच्या नोंदींत पूर्वी दिसले नव्हते. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळीतही, एरवी मुलांच्या शाळा आणि गाड्यांच्या कंपन्यांतल्या नोकऱ्या यांवर बोलणारी मंडळी फराळाच्या टेबलाशी उभी राहून ‘दगडापेक्षा वीट मऊ’ एवढाच हिशेब मांडत होती. मी केंद्रावर काम करते हे ठाऊक असल्याने दोघा-तिघांनी मला विचारले, “इथे आपल्यासारखे नोटा नाही का?” भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर नोटाचे बटण आले. अमेरिकेत ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय फक्त नेव्हाडा राज्यात १९७६ पासून मतपत्रिकेवर आहे. मिशिगनमध्ये पक्षांतर्गत निवडीच्या वेळी, म्हणजे प्रायमरीत, ‘अनकमिटेड’, म्हणजे यांपैकी कोणत्याही उमेदवाराशी बांधील नाही, असा रकाना असतो. पण नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत तो नसतो. ज्याला कोणीच नको आहे त्याने ती जागा कोरी सोडावी, एवढीच सोय उरते.

कोरी जागा म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी आमची मतपत्रिका आणि आमचे यंत्र समजून घ्यावे लागते. मिशिगनमध्ये मतदान कागदावर होते. ओळख पटवून नाव नोंदवहीत चढले की मतदाराला क्रमांकाची चिठ्ठी जोडलेली लांबलचक मतपत्रिका आणि ती झाकायला एक पाकीट मिळते. आडोशाच्या टेबलावर उभे राहून त्याने नावांपुढचे लंबगोल पेनाने काळे करायचे, मग यंत्रापाशी यायचे. तिथे आम्ही पाकिटाबाहेर डोकावणारी चिठ्ठी तेवढी फाडून घेतो आणि मतदार स्वतःच्या हाताने कागद यंत्रात सारतो. यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाने मतपत्रिकेवर नजर टाकायची नाही, यावर प्रशिक्षणात फार भर असतो आणि तो योग्यच आहे.

हे यंत्र काही चुका पकडते. एका पदासाठी दोन नावे काळी केली तर ते कागद परत बाहेर ढकलते, आणि संपूर्ण मतपत्रिका कोरी असेल तरीही परत करते. पण इतर पदांवर मते असून फक्त एक पद कोरे असेल, तर यंत्र काही न बोलता कागद गिळते आणि यंत्रावरचा मोजणीचा आकडा एकाने वाढतो. मुद्दाम नाकारणारा मतदार आणि नजरचुकीने राहून गेलेला मतदार हे दोघेही यंत्राच्या लेखी सारखेच असतात.

त्या सकाळी एका तरुणाची मतपत्रिका परत आली. मी नियमाप्रमाणे, कागदाकडे न पाहता, त्याला सांगितले की एका पदासाठी जास्त खुणा झालेल्या दिसतात, तुम्ही ही मतपत्रिका रद्द करून नवी घेऊ शकता, किंवा आहे तशीच स्वीकारायला लावू शकता, पण मग त्या पदाचे मत धरले जाणार नाही. तो शांतपणे म्हणाला, “मी दोघांच्याही नावापुढे मुद्दाम खूण केली आहे. दोघे सारखेच आहेत, हे कुणीतरी वाचावे म्हणून.” ते कोणीही वाचणार नाही, हे मला त्याला सांगावे लागले. त्याने विचार केला आणि तशीच स्वीकारायला सांगितले. निदान त्याला, आपल्या मताचे काय होणार हे कागद आत जाण्यापूर्वी कळले. दुपारी आलेल्या बाईंच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

त्या वयस्कर होत्या, हातात काठी होती, आणि रांगेत उभ्या असतानाच त्यांनी शेजारणीला सांगून टाकले होते की आपण राष्ट्राध्यक्षासाठी नव्हे, बससाठी आलो आहोत. डेट्रॉइटच्या परिसरातील चार काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, त्या दिवशी सार्वजनिक वाहतुकीसाठी मालमत्ता करात वाढ करावी की नाही, यावर मतदान होते. त्यांच्या नातीला कामावर जाण्यासाठी दोन बस बदलाव्या लागत, आणि दुसरी बस वेळेवर आली नाही की तिचा तासाभराचा पगार कापला जाई. डेट्रॉइट परिसरात गाडीशिवाय जगणे किती कठीण आहे, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

बाईंनी कागद यंत्रात सारला आणि आकडा वाढला. मग त्या तिथेच थांबून मला म्हणाल्या, “मी वर आमच्या पक्षाची खूण केली आणि राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडली. आयुष्यभर मी या पक्षाला मत दिले आहे, पण या उमेदवाराला मी देणार नाही. ही कोरी जागा कुठे मोजली जाते?”

पक्षाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण हे प्रकरण कोणत्याही पक्षाच्या मतदाराबाबत घडू शकले असते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर सर्वांत वर ‘स्ट्रेट पार्टी’ नावाचा भाग असतो. तिथे एका पक्षाचा लंबगोल काळा केला की त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत जाते. मतदाराने खाली एखाद्या पदासाठी दुसऱ्या पक्षाचे नाव निवडले तर त्या पदापुरती ती निवड धरली जाते. पण एखादे पद त्याने कोरे ठेवले, तर तिथले मत वरच्या खुणेप्रमाणे पक्षाच्याच उमेदवाराला मिळते. म्हणजे ज्या उमेदवाराला नाकारण्यासाठी बाईंनी ती जागा जाणूनबुजून कोरी सोडली होती, त्याच उमेदवाराच्या खात्यात त्यांचे मत जमा झाले होते.

त्यांनी विचारले होते, म्हणून मी नियम सांगितला. त्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. “मग तो कागद मला परत द्या,” त्या म्हणाल्या. यंत्राने स्वीकारलेला कागद कोणालाही परत मिळत नाही. पेटीत पडलेल्या शेकडो कागदांतून एका व्यक्तीचा कागद शोधता येऊ लागला तर गुप्त मतदानाला अर्थच उरणार नाही. मी आमच्या केंद्रप्रमुखांना बोलावले आणि त्यांनी हेच अधिक सौम्य शब्दांत समजावले. बाईंनी एकच गोष्ट पुन्हा विचारली, “हे कागदावर कुठे लिहिले होते?” मी त्यांना भिंतीवर लावलेली नमुन्याची मतपत्रिका दाखवली. तीवरच्या सूचनांत एका खुणेने साऱ्या पक्षाला मत कसे द्यावे, हवे तर त्यासोबत वेगवेगळी नावे कशी निवडावीत आणि पक्षाची खूण टाळून पदानुसार मते कशी द्यावीत, हे सांगितले होते. वर खूण करून एखादी जागा मुद्दाम कोरी सोडणाऱ्याचे काय होईल, हे त्यांत नव्हते. सूचना लिहिणाऱ्याने असा मतदार कल्पिलाच नव्हता. ‘मी मतदान केले’ हा स्टिकर घेण्यासाठी बाईंनी हात पुढे केला नाही.

त्या गेल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या सहकारी म्हणाल्या, “वाचायचे होते नीट.” त्या शिस्तीच्या, नोंदवहीत कधी खाडाखोड न करणाऱ्या होत्या आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण हे वाक्य मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. नियम न सांगता नियम मोडल्याचा ठपका मतदारावर ठेवणे हे आमच्या व्यवस्थेचे फार जुने दुखणे आहे.

रात्री आठला केंद्र बंद झाल्यावर आमच्या कामाचा खरा कस लागतो. नोंदवहीतली नावे, यंत्राने मोजलेल्या मतपत्रिका, रद्द झालेल्या आणि न वापरलेल्या मतपत्रिका यांचा ताळा एका आकड्याचीही चूक न राहता जमावा लागतो. आमचा ताळा जमला, याचा मला अभिमान आहे. त्यानंतर ज्यांवर मतदाराने छापील उमेदवारांऐवजी स्वतः दुसरे नाव लिहिले होते आणि यंत्राने वेगळ्या कप्प्यात टाकले होते, ते कागद दोन पक्षांच्या दोन इन्स्पेक्टरांनी मिळून पाहायचे असतात. मिशिगनमध्ये ज्या व्यक्तीने आधी तसा उमेदवारी अर्ज भरला आहे, तिच्याच नावाचे असे मत मोजले जाते. क्लिंटन यांच्याविरुद्ध पक्षाच्या उमेदवारीसाठी लढलेल्या बर्नी सँडर्स यांनी मार्चमध्ये याच राज्यातली डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली होती. नोव्हेंबरमध्ये त्यांचे नाव कागदामागून कागदावर दिसत होते आणि आम्ही ते बाजूला ठेवत होतो. कोणी कार्टूनमधल्या पात्राचे नाव लिहिले होते, तर कोणी आपल्या वडिलांचे असावे असे वाटणारे नाव नेटक्या अक्षरात. माझ्या जोडीदाराला त्याचे हसू येत होते. मला ते कागद हसण्याजोगे वाटले नाहीत, कारण ते लिहिणारी माणसे रांगेत ताटकळून आत आली होती.

मिशिगनमध्ये ट्रम्प यांना २२,७९,५४३ आणि क्लिंटन यांना २२,६८,८३९ मते मिळाली. फरक १०,७०४ मतांचा होता. राष्ट्राध्यक्षपदाचे मतच नोंदले गेले नाही अशा मतपत्रिका मात्र ७५,००० हून अधिक होत्या. हा आकडा उमेदवारांच्या निकालात ओळ म्हणून येत नाही. एकूण मतपत्रिकांतून उमेदवारांची मते वजा केल्यावर तो हाती येतो. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांच्या अर्जावरून डिसेंबरमध्ये हाताने फेरमोजणी सुरू झाली, तेव्हा या कोऱ्या कागदांत खरा नकार किती आणि पुसट खुणा किती हे निदान कळेल असे मला वाटले होते. पण सुरू झाल्यापासून तीन दिवसांत ती न्यायालयीन आदेशाने थांबली. ती पूर्ण झाली असती तरी त्या बाईंचा नकार तीत सापडला नसता. तो ७५,००० मध्ये नव्हताच. तो जिंकलेल्या किंवा हरलेल्या उमेदवाराच्या लाखोंत मिसळला होता, आणि तसे आणखी किती नकार तिथे मिसळले असतील हे शोधण्याचा कोणताही मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. नेव्हाडात त्याच दिवशी ‘कोणीही नाही’ या ओळीवर २८,८६३ मते पडली आणि क्लिंटन यांनी ते राज्य २७,२०२ मतांनी जिंकले. तिथे निदान नाकारणाऱ्यांचा आकडा उमेदवारांच्या पंक्तीत छापला गेला. चार काउंट्यांतला वाहतुकीचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला.

मी पक्षाच्या एका खुणेच्या विरोधात नाही. राज्याच्या विधिमंडळाने ही सोय २०१५ मध्ये काढून टाकली होती. रांगा लांबतील आणि त्याचा त्रास प्रामुख्याने कृष्णवर्णीय मतदारांना होईल, या कारणाने संघीय न्यायालयाने तो कायदा २०१६ च्या निवडणुकीपुरता रोखला, आणि २०१८ मध्ये मतदारांनीच कौल देऊन ही सोय राज्यघटनेत नेऊन बसवली. डेट्रॉइटमधल्या लांब रांगा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे तो निर्णय मला पटतो. पण फेब्रुवारी २०२४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘अनकमिटेड’ची खूण केली, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी नोव्हेंबरमध्ये काय करायचे ठरवले असेल याचा विचार करताना मला त्या बाईच आठवत होत्या.

मी आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहिले आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. वर पक्षाची खूण केल्यास खाली कोरे सोडलेले प्रत्येक पद त्या पक्षाच्या उमेदवाराला जाईल, हे वाक्य ‘स्ट्रेट पार्टी’च्या लंबगोलाशेजारीच ठळक अक्षरांत छापावे, आणि राज्याच्या अधिकृत निकालात उमेदवारांच्या नावांखाली, त्या पदासाठी मत न नोंदवलेल्या मतपत्रिकांची संख्या द्यावी. पत्र मिळाल्याची पोच आली आहे. उत्तराची वाट पाहते आहे, आणि पुढच्या प्रशिक्षणात हाच प्रश्न आमच्याकडे निवडणूक घेणारा अधिकारी असलेल्या क्लार्कच्या कार्यालयातील माणसांसमोर पुन्हा ठेवणार आहे.